उशिरा पोचणारा दादा

पिंगळीच्या माळावरच्या शेडमध्ये काळा दगड दळून चंद्राची माती केली होती. चंद्रावर खनिज खोदायला न्यायचं यंत्र तिथं रोज तपासायचे, आणि ते रोज धुळीनं अडकायचं. धूळ अशी चिवट, की शेडबाहेर बसून यंत्र चालवणाऱ्या सुकेशनीच्या घरी भाकरीसुद्धा चंद्रावरची लागायची.

चंद्रावरून चित्र उशिरा पोचणार, म्हणून सरावाला तिच्या पडद्यावरही शेडमधलं चित्र दोन-तीन सेकंद उशिराच यायचं. आज तिचा भाऊ सिद्धोधन यंत्राचं चाक मोकळं करायला आत गेला, बाहेर आला, दाराला कडी घालून तिच्याशेजारी बसला.

पडद्यावर तो अजून वाकलेलाच होता.

"दादा, तू तर चंद्रावरच राह्यलास की!"

तो नुसता हसला.

तिच्या हातातला चहा निवला, तरी पडद्यावरचा सिद्धोधन बाहेर येईना. मग पडद्यावरचा तो उठला, दाराशी गेला आणि दार ठोकायला लागला. शेडचं दार त्याच्या दोन-तीन सेकंद आधीच वाजायला लागलं होतं.

"सुके, कडी काढ! दम कोंडायलाय माझा!" आवाज दादाचाच.

तिनं शेजारी पाहिलं. त्याच्या कपड्यांवर धुळीचा कणसुद्धा नव्हता.

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही.

दोन-तीन सेकंदांनी शब्द पोचले.

"काढू नको, सुके."