बसायची जागा

परळच्या झगमगत्या शोरूमच्या रांगेत मेघना परदेशी बॅगा विकायची. तिथला मखमली सोफा गिऱ्हाइकांसाठी; विकणाऱ्या पोरींनी दिवसभर हसतमुख उभं राहायचं, टेकायचंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी ती चिंचपोकळीच्या चाळीत पोचली, तर तिला बघायला पाहुणे येऊन बसलेले. पाय नुसते भरून आले होते. पोह्यांच्या बश्या ठेवून ती सवयीने हात मागे बांधून भिंतीशी उभी राहिली. मुलाची आई उठली आणि आपली खुर्ची तिच्याकडे सरकवत म्हणाली, "आधी तू बस बघू. कामावरून दमून आलीयस."

पाहुणे गेल्यावर आईने हळूच विचारलं, "मुलगो कसो वाटलो गो?"



"त्याच्याकडे बघायचं राहिलंच गं," मेघना म्हणाली. "पण होकार कळव."