दोन सेकंद आधीचं हसू

काकूंचा फोनवरचा जुना व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला, की आवाज चित्राच्या पुढे पळायचा. एडिटरने फाइलचा फॉरमॅट बदलला, तेव्हा कुठे काकूंचे ओठ आणि शब्द जुळले. फोन धरलेले काका चित्रात नव्हतेच. ते वारल्यावर त्यांचं एवढं हसूच काय ते उरलं होतं, तेही काकूंचा विनोद संपायच्या आत ऐकू यायचं. हाही फाइलचाच बिघाड समजून एडिटरने हसू दोन सेकंद पुढे ढकलून विनोदानंतर चपखल बसवलं. दुपारी व्हिडिओ बघून काकू म्हणाल्या, “हे यांचं हसणं नाही.” “त्यांचंच आहे, काकू. चुकीच्या जागी होतं, नीट लावलं.” “चुकीच्याच जागी हसायचे. चाळीस वर्षांत माझा एक विनोद धड पुरा होऊ दिला नाही.” एडिटरने हसू परत होतं तिथे नेलं. आता काका आधीच हसले. काकू पडद्याला म्हणाल्या, “अहो, संपवू तरी द्या.”