मोडक्या पिसाचं शटल

तिनं शटल उंच धरून पंचांना दाखवलं. एक पीस मोडलं होतं, तिला बदलून हवं होतं. जकार्तातल्या फायनलचा शेवटचा गेम वीस-वीसवर आला होता.

"मला हेच चालेल," मी म्हणाले. पंचांनी खेळायची खूण केली.

तिच्या मागे खुर्चीत तिचे वडील बसले होते, एकेकाळचे माझे कोच. क्लबात नवीकोरी शटलं लेकीला, तिनं मोडलेली मला. नवं मागितलं की हसायचे, "तू कुठं इंडिया खेळणारेस?" आठ वर्षं मोडक्या पिसांवरच शिकले मी.

माझ्या रॅकेटवरून शटल डगमगत गेलं. तिची रॅकेट नुसतीच हवेत फिरली. पुढच्या पॉइंटलाही तेच, आणि फायनल माझी झाली.

हात मिळवून झाल्यावर मी ते शटल सरांच्या मांडीवर ठेवलं.

"घरी न्या, सर. आता तिला यावर शिकवा."