आक्काचा पाहुणा

“बापू, आमच्या वाटेनं गेलास तर माझं दार टाळून जाऊ नकोस रे,” सासरी निघताना आक्का म्हणाली होती. आज तो तिच्या दारात उभा होता, पण दिंडोरीकडच्या वाइनरी बघायला ऑफिसच्या मंडळींसोबत आलेला पाहुणा म्हणून. होमस्टे मित्रांनी ठरवला होता. इतक्या वर्षांत तो इकडे एकदाही फिरकला नव्हता, त्यामुळे घर कुणाचं ते त्याला दारातच कळलं.

आक्काचा चेहरा उजळला. पण आपली बहीण लंडनला असते, असं त्यानं ऑफिसात सांगून ठेवलं होतं. त्यानं परक्यासारखे हात जोडले. तिनंही हात जोडले, म्हणाली, “या साहेब.”

दिवसभर मंडळी द्राक्षमळ्यांतून हिंडली, प्याले फिरवून फिरवून वास घेत राहिली. त्याला मात्र एकाही घोटाची चव लागली नाही.

संध्याकाळी ओसरीवर ताटं मांडली. वाढता वाढता आक्का त्याच्यापाशी वाकली आणि लहानपणीच्या सवयीनं त्याची भाकरी दुधात कुस्करू लागली.

“अहो काकू, साहेबांना दात आलेत!” ऑफिसातला शिरोडकर ओरडला. सगळे खो खो हसले.

आक्कानं चटकन हात मागे घेतला. पदराला बोटं पुसत ती पुटपुटली, “चुकलं साहेब. दुसरं ताट आणते.”

ती ताट उचलायला गेली, तसं त्यानं तिचं मनगट धरलं. त्याची कानशिलं तापली होती, मान वर होत नव्हती.

“राहू दे, आक्का,” तो म्हणाला. “शिरोडकर, ही माझी सख्खी बहीण. लंडनला माझं कुणी नाही.”