जावयाच्या घरची पाहणी

"आले, आले!" खिडकीतून मान आत घेत लिफ्ट मेकॅनिक ओरडला आणि पुन्हा आरशाकडे पळाला. सकाळपासून त्याचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. छप्पन्न वर्षांचा बाप्या, पण पहिल्यांदा शाळेत निघालेल्या पोरासारखा घाबरला होता आणि तितकाच खूश होता.

खुशीचं कारणही तसंच होतं. बायको गेल्यावर त्यानं धर्मगुरू व्हायचं मनावर घेतलं होतं. बंद पडलेल्या लिफ्टच्या खड्ड्यात बसून, टॉर्चच्या उजेडात त्यानं लॅटिनचे धडे गिरवले होते. सेमिनरीनं, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयानं, त्याला घ्यायचं जवळजवळ ठरवलंही होतं. उरली होती घरची पाहणी. घरात कुणी अवलंबून असेल तर त्या माणसाला घेत नसत, हा तिथला नियम. आणि घरात सासूबाई होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, डोळ्यांना जेमतेम उजेड आणि अंधार कळणाऱ्या.

"तू तोंड उघडायचं नाहीस," सासूबाईंनी दम भरला. लेक गेल्यापासून त्या जावयाला अरेतुरे करत. "मला सगळं दिसतं, सगळं जमतं. कळलं?"

"आई, फादरांशी खोटं बोलायचं?"

"खोटं मी बोलणार आहे. तू नुसता बस."

सेमिनरीचे रेक्टर, म्हणजे तिथले प्रमुख फादर, आत आले, खुर्चीवर टेकले. खुर्ची करकरली त्या दिशेला सासूबाई झकास हसल्या. "अगंबाई, फादर, किती वाळलात हो!"

रेक्टरांनी आपल्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. "हो का?" ते सौम्यपणे म्हणाले. मेकॅनिकला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

पण चहा मात्र सासूबाईंनी झोकात आणला. ओट्यापासून खुर्चीपर्यंतची वाट त्यांनी कितीतरी दिवस पाठ केली होती. थेंब सांडला नाही. जमलं, जमलं की! मेकॅनिकच्या छातीत ढोल वाजायला लागले. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. रेक्टर मघाशीच उठून भिंतीवरचा त्याच्या बायकोचा फोटो बघायला गेले होते.

सासूबाई रिकाम्या खुर्चीपुढं थांबल्या. "घ्या फादर, गरम आहे तोवर."

हात पुढं केलेलाच राहिला.

मेकॅनिकनं धावत जाऊन बशी धरली. "फादर, आईंना दिसत नाही. माझ्यासाठी हे सोंग चाललंय. मला यायचं होतं हो, फार यायचं होतं. पण यांना टाकून नाही येणार मी. माझा अर्ज रद्द करा."

"कसला बावळट आहेस रे!" सासूबाई कडाडल्या. "सगळ्यावर पाणी ओतलंस!" चाचपडत त्या खुर्चीवर बसल्या.

रेक्टर जवळ आले. "आजी, तुमचं बघायला दुसरं कुणी आहे का?"

"का नाही? सिस्टरांच्या आश्रमात माझी खोली केव्हाची ठरलीय. माझ्या मैत्रिणी तिथंच आहेत. सकाळ-संध्याकाळ गातात, उरलेला वेळ भांडतात. मला बोलावून बोलावून थकल्या बिचाऱ्या."

मेकॅनिक गर्रकन त्यांच्याकडे वळला. "आई! मला कधी बोलला नाहीत!"

"बोलले असते तर तुला लागलं असतं. आत्ताही बोलणार नव्हते, पण तू बोलायला लावलंस." सासूबाई रेक्टरांच्या आवाजाकडे वळल्या. "माझी लेक जाताना माझा हात धरून म्हणाली, आई, याला एकटं राहता येत नाही, याला सोडून जाऊ नकोस. म्हणून अडकलेय मी इथं. अवलंबून कोण आहे ते बघायला आलात ना, फादर? हा आहे. माझ्यावर. याला तुम्ही घ्या, म्हणजे मी सुटले!"