मॅगझीनखालचा अर्ज

साहेबांनी लहानू शिपायाचा अर्ज वाचलाच नाही, नुसता मुठीत धरला. वर्ध्याबाहेरच्या माळावर पोलिसांची चोपन्न सालची चांदमारी, नेमबाजीची परीक्षा होती आणि नापास शिपायाची नोकरी जाणार होती. लहानू रायफल घेऊन तापल्या मातीवर पालथा पडला, पण वाकड्या मनगटाला रायफल पेलेना. त्यानं रायफलीच्या पोटाखालचं मॅगझीन, गोळ्यांची पेटी, जमिनीला टेकवलं. "अबे, टेकवाचं नाई," नेमबाजी शिकवणारा उस्ताद कुजबुजला, "सायेब खालून कागद फिरवतेत." लहानूनं टेकवूनच पाचही गोळ्या निशाणाच्या मधोमध घातल्या. साहेबांनी वाकून तोच अर्ज मॅगझीनखाली सरकवला, तो अडला. "टेकवलं. नापास." लहानूनं उठून अर्ज झटकला, साहेबांपुढं धरला. "आता तरी वाचा, सायेब. तुमच्या पोरीच्या लग्नाचा मांडव टाकाले तुमीच मले शिडीवर चढवलं. तिथून पडून मनगट मोडलं, म्हून मॅगझीन टेकवू द्या, एवढंच मागतलं. पाची गोळ्या लागल्या. मंग सांगा, माही नोकरी कोन्या गुन्ह्यापायी जाऊन राह्यली?"