तिसऱ्या ओळीनंतर

गावच्या पबमध्ये एक नामवंत संगीतकार वही घेऊन आले, तेव्हा हेस्टरच्या वडिलांनी, म्हाताऱ्या एनॉकनं, हातातला सायडरचा मग खाली न ठेवताच त्यांना कापणीचं जुनं गाणं म्हणून दाखवलं. संगीतकारांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, आभार मानले आणि लंडनची गाडी पकडली.

एनॉक वारल्यावर वर्षभरानं तेच गाणं ब्रिस्टलच्या सभागृहात होतं, साठ गायक आणि पियानो अशा थाटात. हेस्टर नवऱ्याला घेऊन मुद्दाम गेली. कार्यक्रमपत्रिकेत वडिलांचं नाव कुठेच नव्हतं. गाणं सुरू झालं, तरी तिला त्यात ओळखीचं काही सापडेना.

"हे आपल्या म्हाताऱ्याचं?" नवरा कुजबुजला.

"छे, कुठलं!"

तेवढ्यात तिसऱ्या ओळीनंतर साठही जण एकदम थांबले. पियानो थांबला. खोकणारेसुद्धा थांबले. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला.

"काय गं, विसरले की काय हे?" नवऱ्यानं विचारलं.

हेस्टरनं त्याचा हात घट्ट धरला.


"गप्प बसा जरा. बाबा घोट घेतायत."